एका युनिटला किती लिटर? भीमा खोऱ्यातल्या विजेचा पाणीहिशेब

वीजप्रकल्पाला भविष्यात किती पाणी लागेल, याचा अंदाज बांधायची रूढ रीत फार सोपी आहे. मेगावॉट घ्यायचे, ठरलेल्या दराने गुणायचे, वर्षाचे 8760 तास लावायचे आणि येईल तेवढ्या पाण्याचं आरक्षण मागायचं. 1320 मेगावॉटचं औष्णिक केंद्र, युनिटला 3 लिटर पाणी, वर्षभर पूर्ण भार: उत्तर 1.22 टीएमसी. मग त्या 1.22 वर भांडण सुरू होतं. शेतकरी म्हणतात आमचं पाणी पळवलं, कंपनी म्हणते एवढंसं तर आहे. भीमा खोऱ्यात मात्र गंमत अशी की ऊर्जेच्या पाण्यातल्या लहान आकड्यांपैकी हा एक आहे. तो दोन दशांशांपर्यंत मोजला जातो आणि खरे मोठे आकडे 'ऊर्जा' या रकान्यात येतच नाहीत.

पुढच्या सगळ्या हिशेबाला दोन मापं पुरतात. घनमीटर प्रति मेगावॉट-तास म्हणजेच लिटर प्रति युनिट. आकडा तोच राहतो. आणि 1 टीएमसी म्हणजे 2832 कोटी लिटर. खडकवासला साखळीतली चारही धरणं (खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर) काठोकाठ भरली की उपयुक्त साठा 29.15 टीएमसी होतो, हे पुणेकरांना पाठ असतं. मोठेपणाची कल्पना येण्यासाठी तो आकडा हाताशी असलेला बरा.

आधी कोळसा, कारण आरडाओरडा त्याच्याच नावाने होतो. 7 डिसेंबर 2015 च्या केंद्रीय अधिसूचनेने जुन्या केंद्रांना युनिटला 3.5 लिटरची मर्यादा घातली. 1 जानेवारी 2017 नंतरच्या केंद्रांना आधी 2.5 लिटर ठरलं होतं, ते 2018 मध्ये सैल करून 3 वर आणलं. ही 3 लिटर जातात कुठे? बहुतेक सगळी कूलिंग टॉवरमधून. कंडेन्सरमधून (टर्बाइनमधली वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्रातून) तापून आलेलं पाणी टॉवरमध्ये वरून खाली पडतं, त्यातलं थोडं वाफ होऊन उडतं आणि उरलेलं थंड होतं. युनिटमागे 1.8 लिटरच्या आसपास वाफ धरा. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, ते मागे साठत राहतात. म्हणून टॉवरच्या हौदातलं काही पाणी सतत सोडून द्यावं लागतं, त्याला ब्लोडाउन म्हणतात. क्षार मूळ पाण्याच्या किती पट होऊ द्यायचे, ती पट म्हणजे सायकल. गणित सरळ आहे: वाफ भागिले (सायकल वजा 1). पाच सायकल चालवल्या तर ब्लोडाउन 0.45 लिटर. तीनवर उतरलं तर 0.9. अडीचवर आलं तर 1.2, म्हणजे एकट्या टॉवरलाच 3 लिटर पाणी लागलं. राख, बॉयलर, वसाहत, गाळणीचा गाळ आणि गंधक काढणारी यंत्रणा असेल तर तिचं आणखी 0.2-0.3 लिटर, हे सगळं त्यावर.

सायकल किती चालवता येतील ते ठरतं येणाऱ्या पाण्यावर. सोलापूरजवळचं 1320 मेगावॉटचं केंद्र उजनीच्या पाण्यावर चालतं. उजनीत काय येतं? पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी, काही शुद्ध केलेलं, काही तसंच, मुळा-मुठा आणि भीमेतून वाहत तिथे जाऊन थांबतं. क्षार, फॉस्फेट, अमोनिया, शेवाळ. फॉस्फेटचा कॅल्शियमशी संयोग होऊन नळ्यांवर खपली धरते. अमोनिया तांबं असलेल्या मिश्रधातूच्या नळ्या खातो, म्हणून असं पाणी वापरायचं तर कंडेन्सरला स्टेनलेस स्टीलच्या नळ्या घालाव्या लागतात. केमिस्ट खपलीला घाबरून सायकल कमी करतो, ब्लोडाउन वाढतो, नदीतून जास्त पाणी ओढलं जातं. पुण्यातला नाला नीट शुद्ध झाला नाही की सोलापूरच्या केंद्राला युनिटमागे पाणी जास्त लागतं, इतकं ते जोडलेलं आहे. अंदाजाच्या कोष्टकात हा संबंध कुठे दिसत नाही. तिथे 3 हा आकडा जणू दगडावर कोरलेला असतो.

दुसरी चूक वर्षभर पूर्ण भार धरण्याची. आता दिवसा सौरवीज येते, तेव्हा कोळशाचे संच 55 टक्क्यांपर्यंत खाली आणले जातात आणि संध्याकाळी पुन्हा चढवले जातात. वर्षाची सरासरी 70 टक्के धरली तर 1320 मेगावॉटचे सुमारे 809 कोटी युनिट होतात आणि पाणी 0.86 टीएमसी. पण भार उतरला म्हणून पाणी त्याच प्रमाणात उतरत नाही. कमी भारावर संचाची कार्यक्षमता पडते, युनिटमागे जास्त उष्णता टॉवरकडे जाते. शिवाय राखेचं, वसाहतीचं, उघड्या तलावातल्या बाष्पीभवनाचं पाणी भाराकडे बघत नाही. त्यामुळे आरक्षण हवं त्यापेक्षा मोठं आणि युनिटचा दर दाखवतात त्यापेक्षा जास्त, अशी दुहेरी गोची होते. तरीही, कसंही मोजलं तरी, हे पाणी एक-सव्वा टीएमसीच्या आतबाहेर राहतं.

आता त्याच खोऱ्याच्या पश्चिम टोकाला या. मुळशी, ठोकरवाडी, शिरवता, वळवण, लोणावळा: टाटांचे हे तलाव भीमेच्या उपनद्यांवर आहेत. खोपोलीचं वीजगृह 1915 चं, त्यानंतर भिवपुरी आणि भिरा. तिन्ही मिळून 447 मेगावॉट. पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे 500 मीटर खाली कोकणात पडतं आणि पाताळगंगा, उल्हास, कुंडलिका यांना मिळतं. भीमेत ते परत येत नाही.

जलविद्युतचा तक्ता काढला की पाणीवापराच्या रकान्यात शून्य लिहायची पद्धत आहे, कारण टर्बाइन पाणी पीत नाही. धरणाच्या पायथ्याशी वीजगृह असेल तर ते बरोबरच आहे. पण पाणलोटाच्या पलीकडे टाकलेलं पाणी खोऱ्याच्या दृष्टीने संपलेलंच असतं, मग ते वाफ होऊन जावो की बोगद्यातून. 500 मीटर उंचीवरून 1 घनमीटर पाणी पडलं की, 90 टक्के कार्यक्षमतेने, सव्वा युनिटला किंचित कमी वीज मिळते. म्हणजे एका युनिटला आठशेहून जास्त लिटर. कोळशाला 3 लिटर, मुळशीच्या विजेला 800. एक टीएमसी पाण्यात कोळसा 944 कोटी युनिट देतो. तेच एक टीएमसी भिऱ्याला सोडलं तर साडेतीन कोटी. कोळसा चांगला असं यातून कोणी वाचू नये, धुराचा आणि राखेचा हिशेब वेगळा आहे. पण भीमा खोऱ्यातली सगळ्यात तहानलेली वीज ही 'स्वच्छ, पाणी न वापरणारी' म्हणून नोंदलेली वीज आहे, हे एकदा स्पष्ट बोलायला हवं.

किती पाणी? कृष्णा खोऱ्याचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने मर्यादा घालून दिली आहे. टाटांच्या प्रकल्पांसाठी खोऱ्याबाहेर एका जलवर्षात जास्तीत जास्त 54.5 टीएमसी आणि सलग पाच वर्षांत मिळून 212. म्हणजे सरासरी 42.4 टीएमसी, जवळपास दीड खडकवासला साखळी. (कोयनेचं पश्चिमेला जाणारं 67.5 टीएमसी वेगळं. तेही कृष्णेचंच, पण भीमेचं नाही.) 42.4 टीएमसीतून येते सुमारे 147 कोटी युनिट वीज. 1921 मध्ये सेनापती बापटांच्या काळात मुळशीचा सत्याग्रह झाला तेव्हा वाद बुडणाऱ्या जमिनीचा होता. शंभर वर्षांनी खालच्या खोऱ्यात किती माणसं राहतील आणि त्यांना किती पाणी लागेल, हा अंदाज तेव्हा कोणी मांडला नाही. तो आता तरी मांडायला हवा.

मुळशीचं पाणी पुण्याला वळवा, ही मागणी पुण्यात दर टंचाईला उठते. उत्तरही ठरलेलं: वीज जाईल. किती जाईल? समजा 10 टीएमसी पूर्वेला ठेवलं. वीज घटेल वर्षाला 35 कोटी युनिट. महाराष्ट्रात 1 मेगावॉट सौरप्रकल्प वर्षाला 16 लाखांच्या आसपास युनिट देतो. म्हणजे 220 मेगावॉट सौरक्षमता उभारली की ऊर्जा भरून निघते. 10 टीएमसी, म्हणजे खडकवासला साखळीचा एक तृतीयांश, आणि त्याची किंमत 220 मेगावॉट सौर. राज्याने इतर योजनांत यापेक्षा कितीतरी मोठे सौरप्रकल्प मंजूर केले आहेत.

अर्थात एवढ्यावर हिशेब मिटत नाही, आणि मिटतो असं सांगणाऱ्यांपासून सावध राहावं. या वीजगृहांची खरी किंमत युनिटमध्ये नाही, वेळेत आहे. ती काही मिनिटांत पूर्ण भार घेतात. ग्रीड कोसळलं तर मुंबईला वेगळं काढून जिवंत ठेवण्याची जी व्यवस्था आहे, तिला या जलविद्युतचा आधार आहे. दुसरं म्हणजे कोकणात पडलेलं पाणी वाया जात नाही. पाताळगंगा आणि कुंडलिकेच्या काठची कारखानदारी, उल्हासच्या काठची शहरं त्याच पाण्यावर वाढली आहेत. पाणी एकदम तोडलं तर उन्हाळ्यात तिथल्या जॅकवेल (नदीतून पाणी उचलणाऱ्या विहिरी) उघड्या पडतील. म्हणून सगळं वळवा ही मागणी चुकीची, आणि काहीच हलवता येणार नाही हे उत्तरही चुकीचं. तुटीच्या वर्षी सोडण्याचं प्रमाण उतरवायचं, घटलेले युनिट सौरने भरायचे, संध्याकाळची गरज साठवणुकीवर टाकायची, कोकणच्या नद्यांना किमान प्रवाह राखायचा. हे करता येण्यासारखं आहे, पण त्यासाठी वीजगृहाखालून महिन्याला किती पाणी गेलं ते खोऱ्याच्या जमाखर्चात लिहिलेलं असायला हवं.

साठवणुकीचा विषय निघालाच आहे, तर पंप स्टोरेजबद्दल: वर-खाली दोन तलाव, जास्तीच्या विजेने पाणी वर चढवायचं आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज घ्यायची. ऑगस्ट 2023 मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी शिरवता येथे 1800 आणि भिवपुरी येथे 1000 मेगावॉटचा करार केला. घाटमाथ्यावर आणखीही बऱ्याच प्रस्तावांची रांग आहे. लोकांची भीती अशी की हे प्रकल्प धरणं पिऊन टाकतील. आकडे तसं सांगत नाहीत. 1000 मेगावॉट, सहा तास, 500 मीटर उंची: एका फेऱ्याला सुमारे 49 लाख घनमीटर पाणी, म्हणजे 0.17 टीएमसी. तेच पाणी रात्री खाली, दुपारी वर. पहिल्यांदा भरण एकदाच. नंतर लागतं ते बाष्पीभवनाचं. वरचा-खालचा तलाव मिळून 50 हेक्टर पृष्ठभाग आणि वर्षाला दीड ते दोन मीटर वाफ धरली तर साडेसात ते दहा लाख घनमीटर. टीएमसीत सांगायचं तर 0.03.

मग बिघडतं कुठे? तीन-चार ठिकाणी. पहिलं भरण कोणत्या महिन्यात करणार हे करारात नसलं की ते जानेवारीतही मागितलं जातं. ते जुलै-ऑगस्टच्या पुरातूनच व्हायला हवं. अस्तित्वातल्या धरणाचा खालचा तलाव म्हणून वापर केला तर त्या धरणात रोज ठरावीक साठा अडवून ठेवावा लागतो, आणि सिंचनाच्या आवर्तनाला तो मोकळा राहत नाही. कागदावर वापर शून्य, प्रत्यक्षात उपयुक्त साठ्यातून तेवढा तुकडा गेला. वरचा तलाव भीमा खोऱ्यात आणि खालचा कोकणात असेल तर पाणी कोणत्या खोऱ्याच्या नावावर धरायचं, हा लवादाच्या मर्यादेचा प्रश्न आहे. आणि एक साधी गोष्ट: पंप स्टोरेज वीज तयार करत नाही. साडेतीन कोटी युनिट देणारं एक टीएमसी पाणी पुन्हा वर चढवायला सव्वाचार ते साडेचार कोटी लागतात. त्यामुळे कोकणात गेलेलं पाणी पंपाने परत आणू, हे भाषणात छान वाटतं. त्यापेक्षा ते सोडलंच नाही तर स्वस्त पडतं.

इथेनॉलकडे मात्र जरा थांबून बघायला हवं, कारण खोऱ्यातला ऊर्जेचा दुसरा मोठा पाणीग्राहक तोच आहे आणि तो 'शेती' या रकान्यात लपतो. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचं धोरण ऊर्जाधोरणच आहे. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलला 2860 लिटर पाणी असं लिहिलं आहे. आपल्याकडे ताळा करून पाहू. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी 20 हजार घनमीटर धरा; इंदापूर-दौंडच्या जमिनीत हा सढळ आकडा नाही. हेक्टरी 80 टन ऊस. टनाला 250 घनमीटर. थेट रसापासून टनाला 70 लिटर इथेनॉल. भागाकार केला की लिटरमागे साडेतीन हजार लिटर. ठिबकवर 12-13 हजार घनमीटरमध्ये 100 टन काढणारा शेतकरी हाच आकडा 1800 पर्यंत आणतो.

दिवसाला 100 किलोलिटर क्षमतेची डिस्टिलरी थेट रसावर 160 दिवस चालली तर 1 कोटी 60 लाख लिटर इथेनॉल होतं. त्याला 2 लाख 29 हजार टन ऊस आणि, पाटाच्या हिशेबाने, 2 टीएमसी पाणी. म्हणजे एक मध्यम डिस्टिलरी 70 टक्के भारावर चालणाऱ्या सोलापूरच्या 1320 मेगावॉटच्या दुपटीहून जास्त पाणी मागते. डिस्टिलरीच्या पर्यावरण परवानगीच्या कागदात मात्र फक्त कारखान्याच्या नळाचं पाणी असतं. ते खरोखर थोडं असतं, कारण उसात सत्तर टक्के पाणीच असतं आणि चांगला कारखाना गाळप हंगामात आपल्याच वाफेच्या पाण्यावर भागवतो.

इथे एक रास्त हरकत येते: ऊस तर होताच, इथेनॉल नसतं तर साखर झाली असती, मग सगळं पाणी ऊर्जेच्या माथी का? शिवाय पाटाच्या पाण्यातला काही भाग झिरपून विहिरींना मिळतोच. दोन्ही मुद्दे खरे. त्यामुळे मळीपासूनच्या इथेनॉलला उसाच्या पाण्याचा थोडाच हिस्सा लावावा, रसापासूनच्याला पूर्ण. आणि भविष्याचा अंदाज करताना विचारावं की इथेनॉलच्या हमी दरामुळे किती हेक्टर ऊस टिकला किंवा वाढला. उत्तर शून्य नसतं. 2023 चा पाऊस कमी पडला, ऊस घटण्याची चिन्हं दिसली आणि 7 डिसेंबर 2023 ला केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आणलं. पाणी आटल्यावर इंधन आटलं, तेही हंगाम सुरू झाल्यावर, टाक्या-स्तंभ उभारून बसलेल्या कारखान्यांसमोर. खोऱ्याचा पाणीअंदाज आधी केला असता तर अशी वर्षं किती वेळा येतील हे कर्ज देणाऱ्या बँकेलाही सांगता आलं असतं.

सौरबद्दल फार लिहायची गरज नाही. मेगावॉटला 1850 पॅनेल, एका धुण्याला पॅनेलमागे अडीच लिटर, महिन्याला दोन वेळा: वर्षाला 110 घनमीटर, युनिटमागे 0.07 लिटर. त्रास एवढाच की धूळ जानेवारी ते मे याच काळात बसते आणि पाणी टँकरचं किंवा शेजारच्या बोअरचं असतं. हरित हायड्रोजनचंही तसंच. किलोला रासायनिक गरज 9 लिटर, शुद्धीकरण आणि कूलिंग धरून 25 धरा, तर वर्षाला 1 लाख टनाला 0.09 टीएमसी. खोऱ्याला जड नाही, एखाद्या बंधाऱ्याला जड.

शेवटचा मुद्दाही बंधाऱ्याचाच. परळीच्या वीजकेंद्राला गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून पाणी मिळतं. 2013 च्या फेब्रुवारीत ते पाण्याअभावी बंद पडलं, 2015 मध्ये पुन्हा. आरक्षणाचा कागद होता, बंधाऱ्यात पाणी नव्हतं. आपल्याकडे सिंचनाची धरणं 75 टक्के विश्वासार्हतेवर बांधली जातात, म्हणजे चारातलं एक वर्ष कमी पडणार हे गृहीतच असतं. पीक एक वर्ष सोसतं. वीजकेंद्र सोसत नाही. त्याला 75 टक्क्यांच्या येव्यातून पाणी नेमून द्यायचं आणि चौथ्या वर्षी धावाधाव करायची, हे नियोजन झालं नाही. उजनीत सध्या हे झाकलं जातं, कारण तिथे 63 टीएमसीहून जास्त मृत साठा (उपयुक्त साठ्याच्या तळाखालचं पाणी) आहे; पातळी त्यात उतरली की टक्केवारी उणे लिहितात. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली, कालवे केव्हाच बंद झाले होते. अशा वेळी ज्याची जॅकवेल खोल तो पाणी उचलतो. आणि सोलापूर शहरासाठी पाणी नदीपात्रातून औजच्या बंधाऱ्यापर्यंत सोडलं की वाटेतली वाळू, वाफ आणि मोटारी आपापला हिस्सा घेतात. म्हणून गरज कुठे मोजली, केंद्राच्या फाटकावर की धरणाच्या दारावर, हे आकड्याशेजारी लिहायलाच हवं. नळाने आलेलं एक टीएमसी आणि नदीने आलेलं एक टीएमसी धरणातून सारखं निघत नाही.

केंद्र सरकारच्या 2016 च्या वीजदर धोरणात आणखी एक दार उघडं आहे: महापालिकेच्या शुद्धीकरण केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्राने शुद्ध केलेलं सांडपाणी वापरावं. सोलापूरला ते लागू करता येतं. पण पुण्याचं सांडपाणी नव्याने सापडलेलं पाणी समजून कोणाला देऊ नये. मुंढव्याच्या जॅकवेलमधून वर्षाला साडेसहा टीएमसी बेबी कालव्यात सोडायचं ठरलेलं आहे आणि जे उरतं ते उजनीत जमा धरलं जातं. तेच पाणी दोघांच्या नावावर लिहिलं तर उन्हाळ्यात त्यातला एकजण कोरडा राहतो.

दरवर्षी 15 ऑक्टोबरचा साठा धरून पुढचं पाणीवाटप ठरतं, कालवा सल्लागार समितीच्या बैठका होतात, शहर विरुद्ध दौंड-इंदापूर असा नेहमीचा सामना रंगतो. यंदापासून त्या बैठकीच्या तक्त्याला चार रकाने जोडावेत: टाटांच्या तलावांचा त्या दिवशीचा साठा आणि जूनपासून पश्चिमेला गेलेलं पाणी, सलग पाच वर्षांच्या 212 पैकी उरलेला कोटा, रसापासूनच्या इथेनॉलसाठी नोंदलेल्या उसाचं क्षेत्र, आणि वीजकेंद्रांनी मागच्या वर्षी प्रत्यक्ष उचललेले लिटर भागिले प्रत्यक्ष तयार केलेले युनिट. यातला एकही आकडा नव्याने शोधून काढायचा नाही. मीटर बसलेले आहेत, गाळपाच्या नोंदी आहेत. फक्त ते वेगवेगळ्या खात्यांच्या कपाटांत आहेत.